फाइलबाहेरचा

न्यायाधीशबाई खुर्ची सोडून दालनातल्या जमिनीवर बसल्या. समोर सहा वर्षांची मुलगी होती, भर उन्हाळ्यात स्वेटर घातलेली. “उकडत नाही का गं?” “बाबा म्हणाले, कोर्टात काढायचा नाही.” बाईंनी हळूच बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत सिगारेटचे चटके होते. पोर सारखी धडपडते, असं बापाने शपथेवर सांगितलं होतं. बावीस वर्षं हेच पाहत आलेल्या बाईंनी बाही हलकेच खाली केली. “आता तुला घरी जायचं नाही, बाळा.” “मग बाबा छोटूला मारतील.” फाइलमध्ये छोटूचा उल्लेखच नव्हता. “केवढा आहे तो?” “अजून बसता येत नाही.” बाईंनी तिथेच आदेश लिहून पोलीस पाठवले. बाळ येईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. पाठभर वळ उठलेलं बाळ टुकुटुकु बघत होतं, पण रडेना. बहीण कानाशी कुजबुजली, “रड आता. इथे बाबा नाहीत.”