पाचच्या आत

"तीनदा टूं टूं टूं करतो आणि पडदा काळाच राहतो," काकू म्हणाल्या. "भाऊ, पाचच्या आत होईल ना? पाचला येतो तो."

चार वाजायला दहा मिनिटं होती. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने टेबलाखाली हात घालून बटण दाबलं. पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, तीनदा बीप वाजलं. मॉनिटर मात्र ढिम्म. गेम खेळण्यासाठी हौसेने जुळवलेलं मशीन होतं, आतलं सगळं दिसावं म्हणून एका बाजूला काच लावलेली.

"पेशंट जिवंत आहे, फक्त डोळे उघडत नाहीये," तो म्हणाला. गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसलं की असा एखादा विनोद करायची त्याला खोड होती. काकू हसल्या नाहीत.

"काय झालं होतं?"

"केर काढताना डबा जरा सरकवला, तर कलंडला. पडला नाही हो. मी धरला लगेच."

"मग ग्राफिक्स कार्ड हललं असणार. चित्र तेच दाखवतं. चांगलं वजनदार असतं, धक्का बसला की जागा सोडतं. अर्ध्या तासाचं काम आहे, एवढं काय घाबरायचं त्यात? मुलाचं का मशीन?"

"हो. सव्वीस वर्षांचा आहे," काकू म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून फाटक दिसत होतं.

वायरी काढून त्याने मशीन गॅलरीत नेलं. काच उतरवली, दोन स्क्रू काढले, खटका दाबून कार्ड अलगद उचललं. विटेएवढं जड, त्यावर तीन पंखे आणि पंख्यांवर धुळीचा जाड थर. कार्डाची सोनेरी पट्टी त्याने शाळेतल्या खोडरबराने घासली. मग ब्रश घेतला, ब्लोअर लावला. उघडलं की साफ करूनच मिटायचं, कोणी सांगो न सांगो, हे त्याच्या गुरूने शिकवलं होतं आणि त्याने ते कधी मोडलं नव्हतं. धूळ गॅलरीबाहेर उडून गेली. कार्ड खाचेत दाबलं तसं ते टक् करून बसलं.

मशीन जागेवर ठेवून त्याने बटण दाबलं. एकच बीप झालं आणि पडदा उजळला.

"काकू, उघडले बघा डोळे!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या धावत आल्या, त्यांनी हात जोडले. मग त्यांची नजर काचेतून आत गेली आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"हे पंखे असे काळेकुळकुळीत कसे?"

"साफ केले. नवं कोरं दिसतंय की नाही?"

"असे नव्हते ते. त्याला कळेल, कोणीतरी उघडलं होतं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मागच्या वेळी मी इस्त्रीसाठी नुसता प्लग काढला होता, भाऊ. दीड महिना हात गळ्यात होता माझा."

दुरुस्तीवाल्याने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. बाई यंत्राला घाबरते आहे, असंच तो मघापासून धरून चालला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"कोणाला सांगितलंय हे?"

"आत्ता तुम्हाला."

"काकू, माझ्याबरोबर चला. चौकात पोलीस चौकी आहे, मी थांबतो तिथे तुमच्यासोबत."

"आधी हे," त्या म्हणाल्या. साडेचार वाजून गेले होते.

त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंग सरकल्याचा आवाज आला, मग झाडूचा. सुपलीत कपाटामागची, पलंगाखालची धूळ घेऊन त्या आल्या आणि त्यातले केस, दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचू लागल्या. त्याने मशीन बंद केलं, पुन्हा काच उतरवली. वीस वर्षं ज्या ब्रशाने धूळ झटकली त्याच ब्रशाच्या टोकावर त्याने ती घेतली आणि ब्रशाला बोटाने टिचक्या मारत पंख्यांवर भुरभुरली. पाती करडी होऊ लागली.

लिफ्ट वर यायला लागली. दोघांनी श्वास रोखला. आपल्यालाही भीती वाटते आहे, हे त्याला तेव्हा कळलं. लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, लागलं. कुणीतरी किल्ल्या वाजवत दुसरीकडे गेलं.

तो काच लावायला लागला. काकूंनी त्याचा हात धरला आणि वाकून आत पाहिलं.

"डावीकडच्या पंख्यावर जरा जास्त होती," त्या म्हणाल्या.