राहिलेल्या गोळ्या

जानकीने नातीची गोळी भाताच्या मुदीत खुपसली आणि मूद सज्ज्याच्या कठड्यावर ठेवली. कावळा टपूनच होता. तेवढ्यात पडद्यामागून खोकल्याची उबळ आली.

"देतंय हो. धीर म्हणून नाय तुमका," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा, गुणाजी, गेल्या गणपतीत वारला होता.

जिवंतपणी माणूस अर्धवट कामाचा. क्षयाच्या गोळ्याही बरं वाटताच सोडल्या, आणि त्यातच गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलाने, नंदकिशोरने, नाही नाही ती वचनं देऊन पाहिली. शेवटी जानकी पुढे झाली. "तुमच्यो रवलेल्यो गोळ्यो मी पुऱ्यो करतंय," म्हणाली, आणि कावळ्याने झडप घातली.

वचन दिलं खरं; गोळ्या आणायच्या कुठून? त्या आपणहून घरात आल्या. चार वर्षांच्या सुगीसाठी. "पोर आज धडधाकट आहे," दवाखान्यातल्या बाई सुनेला, शकुला, म्हणाल्या. "पण आजोबांच्या कुशीत वाढलीय. रोग आत निजलेला असेल. तो उठू नये म्हणून या गोळ्या. रोज, न चुकता."

जानकीला हा हिशेब पटला नाही. दुखत नाही त्याला औषध, आणि ज्याला हवं तो बिचारा तळमळतोय. शकु सकाळीच विक्रोळीच्या कारखान्यात जायची. गोळी द्यायचं काम सासूकडे.

"आई, गोळी दिली ना?" संध्याकाळी शकु विचारायची.

"दिली तर."

जानकी खोटं बोलत नसे. कुणाला, ते शकुने विचारलं नव्हतं.

खोकला मात्र थांबेना. आवाज तेवढा बारीक झाला होता. मेलेल्याच्या छातीत जोर कुठून येणार? नंदकिशोर नोकरीला परगावी, आणि शकु दमून मढ्यासारखी झोपायची, तिला काय ऐकू येतंय. खोकला पहिल्यांदा ऐकला तेव्हा जानकी पडद्याआड धावली होती. तिथे गुणाजीच्या जागी, त्याचीच गोधडी ओढून, सुगी गाढ झोपलेली. अलीकडे पोर जरा सुकली होती. उन्हाळा, दुसरं काय.

वैशाखात भावाच्या लग्नाला शकु सुगीला घेऊन मुलुंडला माहेरी गेली. गोळ्यांची पुडीही सोबत नेली. जानकीने मूद कठड्यावर ठेवली. आज नुसता भात. म्हातारा घर डोक्यावर घेणार.

ती पडद्याला कान लावून बसली. ऊन कठड्यावरून उतरलं. नळाला पाणी आलं, बायका भांडल्या, गेल्या. पडद्यामागे हूं नाही की चूं नाही.

"पावलात एकदाचे," म्हणत तिने पडदा सारला आणि हात जोडले.

हात तसेच राहिले. गुणाजीचा फोटो होता. त्याची काठी होती. त्याची गोधडी होती.

नव्हती फक्त सुगी.