फिरती ढाल

‘परदेशी विद्यार्थ्यांना शिकवल्याने देशाचं नुकसान होतं’ हा वादविवादाचा विषय. चिठ्ठ्या टाकल्या आणि ‘होतं’ म्हणायची पाळी नेमकी इथिओपियाहून शेतकी शिकायला आलेल्या तादेसेवर आली.

परीक्षक होते निवृत्त प्राचार्य डबीर. नुकसान होतंच, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. शिवाय जिंकणाऱ्याला मिळणारी फिरती ढाल त्यांच्याच वडिलांच्या नावाची.

तादेसे मेसच्या मावशींकडून शिकलेल्या मराठीत बोलला. “आम्ही येतो, तुमची जागा अडवतो. तुमचं शिकून घरी पळतो. मेसमध्ये पाचवी पोळीसुद्धा सोडत नाही. आणि बघाच तुम्ही, आज ही ढालही नेणार!”

टाळ्या थांबेनात. डबीर सरांना मात्र घाम फुटला. ढाल द्यावी, तर वडिलांचं नाव परमुलखात जाणार. न द्यावी, तर नुकसान झालं कुठे? अखेर तत्त्वासाठी त्यांनी पहिला नंबर तादेसेलाच दिला.

ढाल घेताना तो वाकून नमस्कार करत म्हणाला, “सर, मी पुढच्या आठवड्यात कायमचा घरी चाललोय. ढाल इथेच राहू द्या. तुमच्या वडिलांची आहे.”

“खबरदार!” सर कडाडले. “घेऊन जा म्हणतो ना! माझं तीस वर्षांचं म्हणणं खोटं पाडतोस की काय?”

आणि विमानात ढालीला धक्का लागू नये म्हणून, नुकतीच सत्कारात मिळालेली शाल त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्याभोवती गुंडाळली. नुकसानीत एक शाल वाढली.