तिसरी क्रेन

उरणजवळच्या मिठागरात काळूराम मिठाची रास रचत होते. रुचिकाने कॅमेऱ्याने फोटो काढून त्यांना दाखवला. रास लख्ख दिसत होती, मागच्या बंदरातल्या क्रेन मात्र पुसट झाल्या होत्या.

"माझ्या मोबाइलात मागचंबी साफ येतं," काळूराम म्हणाले.

"मोबाइलचा सेन्सर इवलासा असतो, काका. याचा मोठा आहे, म्हणून जवळचं धरलं की दूरचं पुसट होतं. बरंच झालं, क्रेनमुळे देखावा बिघडतो."

"डावीकडून तिसऱ्या क्रेनवर माझी लेक अमिषा हाय. ती चालवते."

रुचिकाने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, दूरचंही साफ यावं म्हणून ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, अगदी बारीक केलं आणि पुन्हा फोटो काढला. काळूरामांनी तिला तो मोठा करायला लावला, पार क्रेनच्या केबिनपर्यंत.