कमरेपाशी येणारा हात

"तुमची तक्रार खरी आहे, ताई," भुईमुगाच्या सरीतून जाणाऱ्या भांगलणीच्या यंत्राकडं बघत मेकॅनिक मुल्लाणी म्हणाला. "बाकीचं तण उपटून मागं फेकतंय. घोळ दिसली की मात्र वेळ खातंय."

पोलादी हातानं घोळीचं लुसलुशीत रोप मुळासकट उपटलं, दोनदा झटकून माती पाडली, डाव्या बाजूला कमरेच्या उंचीवर नेलं आणि सोडून दिलं. रोप मातीत पडलं. पुढच्या रोपाचंही तेच झालं.

"ज्या बाईकडून हे शिकलंय, तिचीच सवय असणार ही."

उज्ज्वलाला ती बाई ठाऊक होती. सात वर्षांपूर्वी यंत्राच्या कंपनीचे तारांचे हातमोजे घालून याच रानात तिच्या आईनं अख्खा हंगाम भांगलण केली होती. यंत्राला शिकवायला मोज्यांनी फक्त हातांच्या हालचाली टिपल्या होत्या. लुगड्याचा डावीकडं झोळीसारखा खोचलेला ओचा त्यांना कुठून कळणार? संध्याकाळी तो चुलीपुढं मोकळा व्हायचा आणि लसूण, मुगडाळ घालून घोळ शिजायची. आई गेल्यापासून घरात ती भाजी झाली नव्हती.

"पाच मिनिटांत काढून टाकतो," मुल्लाणीनं टॅब उघडला.

"थांबा जरा. एवढी सरी होऊ दे."

तिनं ओढणी कमरेला खोचून तिचा ओचा केला आणि ती यंत्राच्या डावीकडून चालू लागली. पोलादी हातानं माती दोनदा झटकली.

घोळ या वेळी खाली पडली नाही.