तारप्याची साखळी

आमच्या कबड्डीच्या मैदानाला रिसॉर्टवाल्या साहेबाने कुंपण घातलं आणि फाटकावर पाटी लावली, 'बाहेरच्यांना प्रवेश नाही'. वर त्याच मैदानात पाहुण्यांपुढे तारपा नाचायला आम्हा पोरींनाच बोलावलं!

आम्ही गेलो. "तारपा नेईल तिकडं जायचं, सूर थांबेपर्यंत हात सोडायचा नाही," असं बजावत आमची कर्णधार फागी हिने साहेबाला आणि पाहुण्यांना साखळीत जोडलं. भोपळ्याचा तारपा फुंकत आमचा म्हातारा लाडक्या फाटकाबाहेर पडला. मागोमाग साहेबासकट सगळे पाहुणे नाचत गेले. शेवटच्या आम्ही सातजणी आतच थांबलो. फागीने मोखाड्याच्या बाजारातून आणलेलं नवं कुलूप फाटकाला आतून लावलं.

"उघडा!" साहेब बाहेरून ओरडला.

 

"पाटी तुम्हीच लावलीय ना साहेब? वाचा मोठ्यानं," म्हणत फागीने पायाने मैदानाची मधली रेघ ओढली.