भिंतीवरचा गोलकीपर

“एवढ्या लांबलचक भिंतीवर माझ्या बापाला वीतभर जागा नाही?”

फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी हातातला कप खाली ठेवला. समोरची बाई खाणीच्या दिवेघरात कामाला होती. खाली उतरणाऱ्याला टोपीवरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. पाळी संपल्यावर ती हात धुवायलाही थांबली नव्हती. कोळशाची भुकटी अजून नखांत होती.

“बसा तरी, ताई.”

“बसायला नाही आले.”

क्लबला शंभर वर्षं होत होती आणि नव्या स्टेडियमच्या दाराशी इतिहासाची भिंत उभी राहत होती. खाणकामगारांनी दगडांच्या ढिगाऱ्यामागे सपाट केलेलं मैदान, पंपाच्या जुन्या चामड्याचा पहिला चेंडू, पहिले पगारी खेळाडू, जिंकलेला करंडक, सगळं तिच्यावर होतं. मधोमध काळा दगड, त्यावर सहा चेहरे. खेळाडू सकाळी खाणीत आणि दुपारी मैदानावर राबायचे, त्या काळातले. खाणीत स्फोट झाला तेव्हा अडकलेल्यांना काढायला हे सहा जण आपणहून उतरले. खाली दुसरा स्फोट झाला. आग विझेना, म्हणून तो बोगदा विटांनी कायमचा बंद केला. कुणाचंच प्रेत वर आलं नाही.

गोलकीपर त्या दिवसापासून दिसला नव्हता. खाणीत उतरवणाऱ्या पाळण्यात तो चढल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून गावाने ठरवून टाकलं: घाबरला आणि पळाला. क्लबच्या जुन्या स्मरणिकेत एकच वाक्य होतं, ‘गोलकीपर शहर सोडून गेला.’ तेव्हा त्याची ही मुलगी सहा वर्षांची होती. शाळेत पोरं तिला ‘मोकळा गोल’ म्हणायची.

“सगळा मोसम ज्याने गोलात चेंडू जाऊ दिला नाही, तो पळपुटा?” ती म्हणाली. “करंडक मिरवताना बरा खांद्यावर घेतलात!”

“ताई, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण पुरावा नको का? निदान एक साक्षीदार?”

“मेलेल्याने साक्षीदार आणायचा? छान न्याय आहे!”

तणतणत, पाय आपटत ती बाहेर पडली.

तिला राग गावाचा होता, क्लबचा होता, आणि थोडा आईचाही. आई जन्मात कुणाशी भांडली नाही. दरवर्षी त्या दिवशी सगळ्या बायका फुलं घेऊन खाणीच्या फाटकावर जमायच्या. आई घरात बसून भाजी चिरायची. “तुझ्या नवऱ्याला लोक काय काय म्हणतात, तुझं रक्त उसळत नाही?” असं तिने एकदा ओरडून विचारलं होतं. आईच्या हातातली सुरी क्षणभर थांबली, पुन्हा चालू लागली. “उसळायचं तेवढं उसळून झालं, बाळा.”

साक्षीदार गावात एकच उरला होता. संघाचा सेंटर फॉरवर्ड सातवा म्हणून खाली उतरला होता आणि दुसऱ्या स्फोटाआधीच पाय चिरडल्यामुळे त्याला तेवढं वर आणलं होतं. आता तो सुनेच्या घरी खिडकीपाशी बसून असायचा.

“काका, देवाशपथ सांगा. बाबा खाली होते की नाही?”

म्हाताऱ्याने भलतंच विचारलं. “आई कशी आहे तुझी?”

“गेली. दोन वर्षं झाली.”

“गेली…” त्याने मान खिडकीकडे वळवली. “जाताना काही बोलली नाही तुझ्याशी?”

“काय बोलणार? आयुष्यभर तोंड शिवून बसली. आणि मी खालमानेने जगले. अजून दिवा घेताना माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारतात. माझं काय चुकलं होतं, काका?”

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“तुझं काहीच चुकलं नाही,” तो म्हणाला.

क्लबच्या पुढच्या बैठकीला तो कुबड्या टेकत स्वतः आला. “होता तो. माझ्यापुढेच पाळण्यात चढला. मी इतकी वर्षं गप्प बसलो, मला काय बोलायचं ते बोला. आणखी काही विचारायचंय?” त्याच्या आवाजाला अशी धार होती, की कुणी विचारलं नाही. निघताना मात्र त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

काळ्या दगडावर सातवा चेहरा आला. अनावरणाला सारं गाव लोटलं, टीव्हीवालेही आले. अध्यक्षांनी भर सभेत माफी मागितली. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने माईक ओढूनच घेतला.

“माझ्या बापाला पळपुटा म्हणणाऱ्यांनी आज मान वर करून हा चेहरा बघावा! तुमच्या लेकरांना काढायला उतरला तो. आणि तुम्ही त्याच्या लेकराला काय दिलंत?”

म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. ती खाली उतरली तेव्हा लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते.

गर्दी पांगल्यावर ती भिंतीपाशी गेली. सातव्या चेहऱ्यापुढे एक परकी मुलगी उभी होती, फार तर तिशीची, खांद्याला प्रवासाची बॅग. फोटोवर हात ठेवून ती हुंदके देत होती. दिवेवालीला भरून आलं. अखेर कुणीतरी आपल्या बापासाठी रडत होतं.

तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नकोस गं. कुठून आलीस?”

“बंदरावरून. टीव्हीवर हा फोटो दिसला आणि मिळेल ती गाडी धरून निघाले.” मुलीने नाक पुसलं. “तरुणपणी असे दिसायचे, मला माहीतच नव्हतं. माझे बाबा. मागच्याच हिवाळ्यात गेले. तुम्ही त्यांच्या कोण?”